द्रवमुक्त राजुरी

जी वस्तू वाहते ती कधी ना कधी सखल जागी जाऊन साचते, हा निसर्गाचा नियम आहे आणि आजवर कोणत्याही सरकारने त्यात दुरुस्ती सुचवलेली नाही. मी उभी हयात लघुपाटबंधारे खात्यात काढली. आमच्या खात्यात पाणी हवं तिथे साचत नसे आणि नको तिथे हटकून साचे, त्यामुळे या नियमाविषयी मला जरा जास्तच आदर आहे. निवृत्त होऊन राजुरीला घर बांधलं तेव्हा वाटलं, या विषयाशी आपला संबंध आता संपला. पण मग गावात नळाने गॅस आला.

गॅस कोरडा असतो अशी सर्वसामान्य माणसाची समजूत आहे. तसं नाही. त्याच्यासोबत थोडा ओलावा येतो, मशिनांतलं थोडं तेल येतं. जमिनीखालची नळी थंडीत गार पडली की त्या ओलाव्याचं पाणी होतं, त्यात ते तेल मिसळतं आणि हे सगळं नळीच्या सर्वांत खोल जागी जाऊन बसतं. थोडं असेल तोवर गॅस त्याच्यावरून निघून जातो. फार झालं की अडतो, मागून जोर धरतो आणि ते पाणी पुढे लोटतो. मग नळीच्या शेवटच्या टोकाची शेगडी उचक्या देऊ लागते. याला गावात 'पानी' म्हणतात, कंपनीत 'द्रव' म्हणतात. (पाणी म्हटलं की ते आलं कुठून, असं कुणीतरी विचारतं. द्रवाला असं कुणी विचारत नाही.)

राजुरीची नळी फाट्याकडून रस्त्याच्या कडेने येते आणि गावाच्या अलीकडे ओढा ओलांडते. ओलांडते म्हणजे ओढ्याखालून जाते. तिथेच ती सर्वांत खोल आहे. तिथे कंपनीने एक चेंबर बांधलं, आत एक कॉक बसवला. रोज सकाळी कॉक हळू उघडायचा, साचलेलं पाणी कॅनमध्ये घ्यायचं, पाणी संपून गॅस फुसफुसायला लागला की बंद करायचा, कॅन कंपनीच्या ड्रममध्ये रिकामा करायचा. ड्रम भरला की गाडी येऊन घेऊन जाणार. इतकी सोपी व्यवस्था मी माझ्या नोकरीत कधी पाहिली नव्हती, म्हणून तिच्याविषयी मला पहिल्यापासून काळजी वाटत होती.

चेंबर आलं ते सोनबाच्या वावरात. सोनबा मेंढपाळ घराण्यातला. भाऊबंदांनी मेंढरं विकून टोमॅटो धरला, याने अजून पन्नासेक मेंढ्या राखल्या आहेत. जागा दिली म्हणून त्याच्या मुलाला, गोकुळला, कंपनीने नोकरी दिली. पद 'द्रव व्यवस्थापन सहाय्यक (हंगामी)'. गोकुळचं नुकतंच निमगाव साव्याच्या आशाशी जमलं होतं. मुलगी त्याला पसंत होती आणि तो मुलीला. राहता राहिला मुलीचा बाप. त्याने एवढंच विचारलं होतं की पोरगं कंपनीत परमनंट कधी होणार. साहेब लोकांनी सांगितलं होतं की काम चांगलं दिसलं तर वर्षाअखेरीला करू. (काम चांगलं असलं तर, असं ते म्हणाले नव्हते. हा फरक गोकुळच्या तेव्हा लक्षात आला नाही.)

नळीच्या शेवटच्या टोकाला मंगलचं घर. ती माझी शेजारीण. मंगल आणि तिची सून ऋतिका मिळून खवा करतात आणि नारायणगावच्या मिठाईवाल्यांना पोचवतात. खव्याला आच एकसारखी लागते आणि उलथनं थांबून चालत नाही. आच मध्येच गेली तर दूध बसतं, परत आली की तळ धरतो. पूर्वी मंगलची अंगणात मोठी भट्टी होती. कंपनीच्या लोकांनी तिला धुराचे तोटे समजावून सांगितले, तिने स्वतःच्या हाताने पहार घालून भट्टी पाडली आणि त्याचा फोटो कंपनीने पत्रकावर छापला. फोटोत ती हसते आहे.

पहिला हिवाळा उत्तम गेला. गोकुळ रोज सकाळी, मेंढ्या वाड्यातून सुटायच्या सुमारास, चेंबरचं झाकण काढी, पाणी काढी आणि किती निघालं ते कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकी. मंगलच्या शेगडीची ज्योत निळी आणि सरळ असे. तिने तर त्या आनंदात दुसरी कढई घेतली.

मग कंपनीने आढावा घेतला.

आढाव्यात नळीच्या प्रत्येक टप्प्यातून निघालेल्या द्रवाचा आलेख पडद्यावर दाखवण्यात आला. बाकीच्या टप्प्यांत द्रव शून्य होता. तिथल्या चेंबरची झाकणं रस्त्याच्या नव्या डांबराखाली गेली होती, त्यामुळे ती उघडण्याचा मोह कुणाला होत नसे. राजुरीचा खांब मात्र एकटा लाल आणि छपरापर्यंत. मुख्य कार्यालयातल्या एका अभ्यासू अधिकाऱ्याने असं दाखवून दिलं की जिथे द्रव काढला जातो नेमका तिथेच तो निघतो, आणि हा योगायोग असू शकत नाही. या शोधावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी राजुरी टप्प्याचा खुलासा मागवण्यात आला.

खुलासा द्यायचा होता नारायणगाव कार्यालयाच्या हर्षाली मॅडमना. या मूळच्या आंबेगाव तालुक्यातल्या, मंचरच्या. शिकलेल्या, मेहनती, उन्हातान्हात स्कूटीवर फिरून लाइन बघणाऱ्या. घरी आई एकटी आणि गुडघ्यांनी अधू, म्हणून त्यांना बदली नको होती. लाल खांबवाल्यांची बदली लांब होते हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या एका सकाळी चेंबरपाशी आल्या तेव्हा मी फिरायला निघालो होतो आणि ओढ्याच्या कठड्यावर टेकलो होतो, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"गोकुळ, हे रोज उघडलंच पाहिजे असं आहे का?" त्यांनी विचारलं.

"साचतंय म्हनून उघडतो, मॅडम."

"साचलंय हे आपल्याला कळतं कधी?"

गोकुळने विचार केला. "उघडल्यावर."

"मग?" मॅडम म्हणाल्या.

त्या 'मग'मध्ये दटावणी नव्हती. उलट, चार दिवस झोप न झालेल्या माणसाची काकुळती होती. गोकुळला ती कळली. त्याने झाकण लावलं आणि पाना पुसत उभा राहिला.

तेव्हापासून तो एक दिवसाआड उघडू लागला. मग आठवड्याने. मग ग्रुपवर नुसतं शून्य टाकू लागला. आलेखातला लाल खांब आधी पिवळा झाला, मग हिरवा, मग दिसेनासा झाला. मुख्य कार्यालयाने राजुरी टप्प्याचं अभिनंदन केलं आणि अशी सुधारणा इतक्या कमी खर्चात कशी झाली याची माहिती मागवली.

मंगलची शेगडी उचक्या देऊ लागली ती याच सुमाराला. आधी ज्योत पिवळी पडे, मग थरथरे, मग भुक्कन जाई. मंगलने कंपनीच्या नंबरवर फोन लावला. कंपनीची तक्रार-व्यवस्था अतिशय आधुनिक आहे. तक्रारी चार प्रकारच्या असतात: गळती, बिल, मीटर आणि पुरवठा बंद. फोनवरच्या मुलीने आदबीने विचारलं, गॅस येतोय का. मंगल म्हणाली, येतोय. मग तक्रार काय, असं त्या मुलीने विचारलं. "येतोय आन् जातोय," मंगल म्हणाली. येतोय एवढ्यावर पुरवठा सुरू असल्याची नोंद झाली आणि तक्रार निकाली निघाली. नंतर एक माणूस घरी येऊन शेगडी उघडून बघून गेला. त्याने कढई बदलून पाहा असं सुचवलं.

चार-पाच घाणे बिघडल्यावर मंगल सरळ सोनबाच्या वाड्यावर गेली. ती भांडायला गेली नव्हती. गोकुळ तिच्या डोळ्यांसमोर वाढलेला.

"तुझ्या नोकरीचं मला ठावं हाय," ती म्हणाली. "आशाच्या बापाचंबी ठावं हाय. पर माझा खवा हातात येता येता जातोय रं."

गोकुळ तिला म्हणाला की काकी, उद्यापासून ज्योत सरळ येईल, पण हे कुणाजवळ बोलू नका. मंगल बोलली नाही. (माझ्याजवळ बोलली, पण मी निवृत्त माणूस, माझ्याजवळ बोललेलं कुणाजवळ बोलल्यात धरत नाहीत.)

गोकुळ पुन्हा रोज पहाटे पाणी काढू लागला. ज्योत सरळ झाली. ग्रुपवर शून्य जात राहिलं. पण काढलेलं पाणी ठेवायचं कुठे? कंपनीच्या ड्रममध्ये टाकलं तर ड्रम भरणार आणि शून्याने ड्रम कसा भरला असा प्रश्न येणार. वावरात ओतायचं तर ते पेट घेणारं, घाण वासाचं, बापाचा कांदा जाळणारं. म्हणून तो कॅन भरून मेंढवाड्याच्या मागे, बाभळीच्या काट्यांखाली ओळीने ठेवू लागला. सोनबाला त्याने बजावलं की आबा, याला हात लावू नका आणि इथं बिडी पेटवू नका.

आता, गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून कंपनी त्यात मुद्दाम एक घाणेरडा वास मिसळते. तो वास त्या पाण्यातही पुरेपूर उतरतो. सोनबाने एकदा कॅनचं बूच उघडून पाहिलं आणि मागे सरला. मग तो बराच वेळ त्या कॅनकडे बघत बसला. मागच्याच पंधरवड्यात बिबट्याने त्याचं एक कोकरू नेलं होतं. वन खात्याने पंचनामा केला होता, पिंजरा लावतो म्हटलं होतं आणि पिंजरा शेजारच्या गावात गुंतलेला होता. माणसाला सोसत नाही ते बिबट्याला कसं सोसेल, असा सोनबाचा विचार. त्याने जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या, त्या पाण्यात बुडवल्या, पिळल्या आणि म्होरक्या मेंढ्याच्या व दहा-बारा मेंढ्यांच्या गळ्यात बांधल्या. बिबट्या त्यानंतर खरोखरच आला नाही. (तो वासामुळे आला नाही की त्याचं दुसरीकडे काम होतं, हे विचारता आलेलं नाही.)

दोन दिवसांत कंपनीकडे गळतीच्या तक्रारी सुरू झाल्या. आणि इथे कंपनीचं मनापासून कौतुक करायला हवं. गळती हा प्रकार यादीत असल्यामुळे तासाभरात गाडी हजर झाली. केशरी जाकिटं, हातात वास मोजायचं यंत्र. त्यांनी शाळेपाशी मोजलं, काही नाही. तोवर ओढ्याच्या वरच्या अंगाने तक्रार आली. तिकडे गेले तर वास निघून गेलेला आणि निमगाव साव्याच्या शिवेवरून फोन. टोमॅटो काढून झालेल्या वावरात खत पडावं म्हणून सोनबा त्या दिवसांत तिकडे मेंढ्या बसवत असे.

पथकाने हार मानली नाही. त्यांनी गावाचा नकाशा पसरला, तक्रारींच्या ठिकाणी खुणा केल्या आणि खुणा जोडल्या. त्यावरून निष्कर्ष निघाला तो असा: ही गळती हलती आहे. सकाळी ती ओढ्याजवळ असते, दिवसा माळाने निमगावच्या बाजूला सरकते, दुपारच्या उन्हात बाभळीखाली स्थिरावते आणि दिवस मावळायला परत येते. वेग साधारण माणसाच्या सावकाश चालण्याइतका. ती नळीच्या मार्गावरून जात नाही, पण अजिबात न जाणारीही नाही.

माळावर त्यांना सोनबा भेटला. मेंढ्या आजूबाजूला चरत होत्या. पथकप्रमुखाने नाकाला रुमाल लावून विचारलं की बाबा, इथं वास येतोय का.

"कवाचा येतोय," सोनबा म्हणाला.

"कुठून येतो?"

"आमच्याबरूबरच हाय की," सोनबा म्हणाला.

पथकप्रमुखाने स्थानिक ग्रामस्थांनी दुजोरा दिल्याची नोंद घेतली. यंत्राचा आकडा त्या जागी एवढा चढला होता की त्याने माणसांना मागे घेतलं आणि खबरदारी म्हणून फाट्यावरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. राजुरीचा गॅस थांबला. तपास पूर्ण होईपर्यंत कुणी हात लावू नये म्हणून ओढ्यावरच्या चेंबरलाही शिशाचं सील ठोकलं.

गोकुळने त्याच रात्री बापाकडून खरा प्रकार काढून घेतला. चिंध्या सोडवल्या, लांब नेऊन पुरल्या. सोनबा म्हणाला, "माझं कोकरू गेलं तवा तुझी कंपनी आली व्हती का रं?"

चिंध्या गेल्या तसा वास गेला. पथकाच्या उपायांमुळे गळती आटोक्यात आल्याचं जाहीर झालं. दरम्यान लाइन बंद, सगळीकडचा ओलावा निवांतपणे ओघळून ओढ्याखाली जमलेला आणि वर सील. गॅस पुन्हा सोडायचा दिवस ठरला तसा गोकुळ मोटारसायकल काढून नारायणगावला गेला. हर्षाली मॅडमच्या टेबलासमोर उभा राहून त्याने सगळं सांगून टाकलं: रोज पाणी निघत होतं, शून्य खोटं होतं, हलता वास मेंढ्यांचा होता. आणि म्हणाला, आधी सील काढा, मला पाणी काढू द्या, मग गॅस सोडा. न्हाईतर शेवटच्या घरात काय होईल ते मला सांगवत न्हाई.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मेंढ्यांचं वर कळवू नकोस म्हणाल्या, पण पाण्याचं त्यांना पटलं. त्यांनी त्याच्यासमोर मुख्य कार्यालयाला फोन लावला, हे मी त्यांच्या बाजूने मुद्दाम नमूद करतो. त्या बराच वेळ बोलल्या, आवाज चढवून बोलल्या. पलीकडून जे उत्तर आलं ते कायद्याच्या दृष्टीने निर्दोष होतं. राजुरी टप्प्यात द्रव शून्य आहे. जे शून्य आहे ते काढण्यासाठी सील तोडण्याची परवानगी कोणत्या आधारावर द्यायची? शिवाय पुढच्या आठवड्यात 'द्रवमुक्त टप्पा' म्हणून राजुरीचा गौरव आहे, पत्रिका छापून झाल्या आहेत.

मॅडमनी फोन खाली ठेवला आणि घड्याळाकडे पाहिलं. "तू मंगलबाईंना जाऊन सांग," त्या म्हणाल्या. "आज शेगडी पेटवू नका म्हणावं. मी फाट्यावर माणसाला थांबवते."

फाट्यावरच्या माणसाने वेळेच्या आधीच गॅस सोडला होता. तो कामसू होता.

मंगलकडे लग्नसराईची मोठी ऑर्डर होती. गॅस आल्याचं बघून तिने दोन्ही कढया चढवल्या होत्या. दूध आटत आलं तेव्हा शेगडीच्या एका बर्नरमधून गुळगुळ असा आवाज आला, ज्योत गेली आणि त्यातून पाणी उडालं. ते तेलकट पाणी शेजारच्या पेटत्या बर्नरवर गेलं आणि भडका उठला. ऋतिका कढईपाशी होती. मंगलने तिला एका हाताने मागे ढकललं आणि दुसरा हात भडक्यातून घालून गॅसचा नळ बंद केला.

गोकुळ अंगणात पोचला तेव्हा नळ बंद झालेला होता आणि मंगल भिंतीला टेकून उजवा हात धरून बसली होती. त्याने तिचा हात पाण्याच्या बादलीत घातला, ओला पंचा गुंडाळला आणि मोटारसायकलवर मागे ऋतिकाला बसवून मंगलला दवाखान्यात नेलं. मीही मागून गेलो. वाटेत मंगल एकदाच बोलली. तिने ऋतिकाला विचारलं, "दुसरी कढई उतरवलीस का?"

हात मनगटापर्यंत भाजला होता. बोटं वाचली, पण डॉक्टरांनी सांगितलं की उलथनं धरायला वेळ लागेल. किती, हे त्यांनी सांगितलं नाही. गोकुळ दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला. मी त्याला चहा आणून दिला, तो त्याच्या हातात गार झाला.

कंपनीने घटनेची तातडीने चौकशी केली. द्रव शून्य असल्यामुळे द्रव हे कारण पहिल्याच बैठकीत बाद झालं. अहवालात म्हटलं आहे की ग्राहकाने स्वतःचा हात ज्योतीच्या मार्गात आणला. सहानुभूती म्हणून कंपनीने फळांची करंडी पाठवली आणि गावात 'हात व ज्योत यांतील सुरक्षित अंतर' या विषयावर पत्रक वाटलं. (पत्रकावर मंगलचा जुनाच फोटो होता. तो चांगला आला होता.)

गौरवाचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. सोनबाच्या वावरात, चेंबरच्या शेजारी मांडव घातला. मुख्य कार्यालयातून महाव्यवस्थापक आले. आशाचा बाप निमगाव साव्याहून इस्त्रीचे कपडे घालून आला, कारण गोकुळला परमनंट केल्याचं पत्र तिथेच मिळणार होतं. मंगलही आली. तिला बोलावलं नव्हतं. ती पुढच्या रांगेत, पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली.

गोकुळचं नाव पुकारलं. तो उठला, पण व्यासपीठाकडे गेला नाही. चेंबरपाशी गेला, पान्याने सील तोडलं, वाकून कॉक उघडला. पाणी आलं. काळपट, तेलकट, फेसाळ. कॅन भरला, दुसरा भरला, तिसरा लावला. मांडवात वास पसरला आणि लोकांनी पदर, टोप्या, पत्रिका नाकाला लावल्या.

"हे राजुरीचं शून्य हाय, साहेब," गोकुळ म्हणाला. माईक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

सगळे हर्षाली मॅडमकडे बघू लागले, कारण माईक त्यांच्या हातात होता. त्यांनी मंगलच्या हाताकडे पाहिलं, हे मी पाहिलं. मग महाव्यवस्थापकांकडे पाहिलं. मला वाटलं, या आता बोलतील. त्या बोलल्या.

"हे आपलं प्रात्यक्षिक," त्या म्हणाल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. महाव्यवस्थापक उठून चेंबरपाशी आले, त्यांनी गोकुळची पाठ थोपटली आणि छायाचित्रकारासाठी अजून थोडं पाणी सोडता येईल का, असं विचारलं. मॅडमनी पुढे मला सांगितलं की ते वाक्य आपण बोललो नाही, ते तोंडातून निघालं. मला ते पटलं. मीही नोकरी केलेली आहे.

प्रात्यक्षिकाचा मुख्य कार्यालयावर फार चांगला परिणाम झाला. महिन्याभरात परिपत्रक निघालं: प्रत्येक टप्प्यावर दर तिमाहीला मान्यवरांच्या उपस्थितीत द्रव काढण्याचं प्रात्यक्षिक करावं. प्रात्यक्षिकाच्या वेळी द्रव अपुरा पडून कंपनीची नाचक्की होऊ नये म्हणून तो पुरेसा साठू द्यावा. त्याआधी कुणी काढू नये यासाठी कॉकला कुलूप लावावं आणि किल्ली मुख्य कार्यालयात ठेवावी. अशा रीतीने, ज्या द्रवाला इतके दिवस वाली नव्हता त्याला संरक्षण मिळालं.

हर्षाली मॅडमना बढती मिळाली. इतर विभागांना प्रात्यक्षिक शिकवण्यासाठी त्यांना विदर्भात पाठवलं आहे. आई मंचरलाच असते. शेजारची बाई सकाळ-संध्याकाळ डोकावून जाते.

गोकुळ परमनंट झाला. पत्र हातात आलं त्या दिवशी तो होणाऱ्या सासऱ्याला सगळं खरं सांगायला निमगावला गेला होता, लग्न मोडलं तरी चालेल अशा तयारीने. सासऱ्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पानी निघू दे नायतर न निघू दे, पगार निघतोय ना?" लग्न झालं. आता तो रोज सकाळी कंपनीचा गणवेश घालून कुलूप लावलेल्या चेंबरपाशी जातो. आशाने एकदा त्याला विचारलं की तुम्ही तिथं जाऊन करता काय. तो म्हणाला, "राखतो." काय राखतो, हे तिने विचारलं नाही.

तिथून तो मंगलकडे जातो. तिच्या अंगणात त्याने नवी भट्टी घालून दिली आहे, दगड-मातीची. कामावर जायच्या आधी तो तिला लाकडं फोडून देतो. खवा ऋतिका हलवते. मंगल शेजारी बसून आच सांगते, डाव्या हाताने. धूर माझ्या खिडकीतून आत येतो.

मागच्या महिन्यात कंपनीने ग्राहकांचं मत घेतलं. सगळ्यांच्या मोबाइलवर संदेश आला. आपण आमच्या सेवेबाबत समाधानी आहात का? नसल्यास अमुक अंक दाबून कळवावं. उत्तर न आल्यास आपण समाधानी आहात असं समजण्यात येईल. मंगलने प्रयत्न केला. डाव्या हातात मोबाइल धरला, तर उजव्याचं पट्टीतलं बोट त्या काचेला कळत नाही आणि ऋतिका त्या वेळी कढईवर होती. राजुरी टप्प्यात शंभर टक्के ग्राहक समाधानी निघाले. कंपनी म्हणते की ही पद्धत बिनचूक आहे, कारण ज्याला खरोखर काही म्हणायचं असतं तो म्हणतोच.

मी ही पद्धत तुमच्यावर वापरून पाहिली. सोनबाच्या मेंढ्यांपाशी तुम्ही हसलात. मंगलच्या हातापाशी थोडे थांबलात, आणि मग पुढे काय झालं ते बघायला खालचा परिच्छेद वाचू लागलात. अधेमधे कुठेही तुमची हरकत आली नाही. तेव्हा तुमचं नाव मी समाधानी लोकांत धरलं आहे.